हातखंब्याचा कंट्रोल टॉवर

चहा येईपर्यंत माझा किस्सा मीच सांगून टाकतो. नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी हा किस्सा बाहेर सांगणार, त्यात चार गोष्टी वाढवणार, आणि मी आहे त्याहून बावळट दिसणार. तेवढी काही गरज नाही. घडलं तेवढंच पुरेसं आहे.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि बाहेर पाटी : ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. पंधरा-सोळा वर्षं मी लोकांचे फॉर्म भरतोय. पोलीस भरती, तलाठी भरती, बँक, नर्सिंग, काय म्हणाल ते. आणि फॉर्म भरता भरता माणसाचा सल्लागार कधी होतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. पहिल्यांदा लोक विचारतात, ‘काका, इथे सही कुठे करू?’ मग विचारतात, ‘काका, हा फॉर्म भरू की तो भरू?’ आणि शेवटी विचारतात, ‘काका, आयुष्यात काय करू?’ मी तिन्ही प्रश्नांना एकाच आवाजात उत्तर द्यायला लागलो होतो. तिथेच घोळ झाला.

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली गोष्ट. सायली रहाटे नावाची मुलगी शिष्यवृत्तीच्या पावतीची प्रिंट काढायला आली. देवरूखच्या पुढे डोंगरात तिचं गाव. वडील मुंबईला एका छापखान्यात, आई घरची शेती बघते. सायली देवरूखला फिजिक्स आणि गणित घेऊन बी.एस्सी. करत होती, दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपलेली. प्रिंट घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली, तरी ती जाईना.

मी म्हटलं, “अजून काही आहे का गो?”

तिने मोबाइल पुढे केला. त्यावर आपल्या कोकणचा नकाशा आणि नकाशावर पिवळी पिवळी विमानं सरकत होती. ती म्हणाली, संध्याकाळी घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, गुरं आणायला जाते तेव्हा ती हे बघत बसते. हे मुंबईहून गोव्याला जातंय, हे आखातातून कोलंबोला. हे रोज पावणेसहाला आमच्या फणसाच्या वरून जातं. मग तिने सांगितलं, एकदा दोन विमानं अगदी समोरासमोर येताना दिसली, आणि ती उठून उभीच राहिली. तेवढ्यात त्यातलं एक जरासं वळलं आणि लांबून निघून गेलं.

“कोणीतरी सांगितलं म्हणूनच वळलं असणार ना? मी नंतर शोधून काढलं. जमिनीवरून बोलणारी माणसं असतात. काका, त्यांना डिग्री लागते का?”

खरं सांगतो, चोपन्न वर्षं मी त्याच आकाशाखाली राहतोय. वर विमान जातं म्हणजे वर विमान जातं, यापलीकडे माझा विचार कधी गेला नव्हता. कोण बोलतं त्यांच्याशी? कुठे बसतं? एकाच वेळी किती जणांशी बोलतं? मलाच इतकं कुतूहल वाटलं की मी मागे उभ्या दोन गिऱ्हाइकांना थांबा म्हटलं. तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘मला ठाऊक नाही, चार दिवसांनी ये, नीट बघून सांगतो.’ पण मी म्हटलं, “बस खुर्चीवर.”

कॉम्प्युटरवर शोधलं. पहिलंच पान उघडलं आणि उघडता उघडता ते आपोआप मराठीत झालं. ती सोय मीच कधीतरी चालू करून ठेवली होती, गिऱ्हाइकांना बरं पडतं म्हणून. ‘हवाई रहदारी नियंत्रक कसे बनावे’, असं ठळक अक्षरांत. मी मोठ्याने वाचायला लागलो आणि सायली वहीत उतरवायला लागली.

अट पहिली : उमेदवार संयुक्त राज्यांचा नागरिक असावा.

आता यावर कोणीही थांबला असता. मीही थांबलो, नाही असं नाही. सायलीनेही मान वर केली. पण माझं डोकं कसं चालतं बघा. संयुक्त महाराष्ट्र आपण ऐकलेलाच आहे. सगळी राज्यं एकत्र आली म्हणजे देश झाला, म्हणजे संयुक्त राज्यं झाली. मी तिला सांगितलं, सरकारी मराठी अशीच असते, साधा ‘भारत’ लिहिला तर त्यांना सही मिळत नाही. तिने वहीत लिहिलं : संयुक्त राज्यं = भारत.

अट दुसरी, वय एकतीसच्या आत. ती वीस वर्षांची. झालं. अट तिसरी, इंग्रजी स्पष्ट बोलता यावं. ती म्हणाली, शिकेन. आणि अट चौथी : पदवी किंवा तीन वर्षांचा क्रमाक्रमाने जबाबदार होत जाणारा कामाचा अनुभव.

त्या ‘किंवा’वर आम्ही दोघांनी एकदमच बोट ठेवलं.

त्याचं कारण असं की सायलीची गणितात केटी लागलेली होती. तिसऱ्या सेमिस्टरचा पेपर राहिला होता आणि तो तिच्या मनात काट्यासारखा रुतलेला. मला म्हणाली, वर्गात सर फळ्यावर लिहितात तेव्हा कळतं आणि घरी आल्यावर कळत नाही. डिग्री होईल की नाही याचीच भीती वाटते. आणि इथे पडद्यावर लिहिलेलं, डिग्री नको, अनुभव चालेल. मुलीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आज दुकान उघडल्याचं सार्थक झालं.

मग प्रश्न आला, अनुभव कसला? ती म्हणाली, तिचे दिनामामा, म्हणजे आईचे सख्खे भाऊ, हातखंब्याला तिठ्याजवळ हॉटेल चालवतात. तिथे गल्ल्यावर बसता येईल. मी डोळे मिटून विचार केला. विचार करताना मी डोळे मिटतो, ती एक वाईट सवय आहे. मग विचारलं, मामांच्या हॉटेलपुढे गाड्या किती लागतात? ती म्हणाली, सीझनला विचारू नका, मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बसगाड्या, पर्यटकांच्या मोटारी, ट्रक, सगळे एकदमच घुसतात आणि मग कोणालाच बाहेर पडता येत नाही.

मी म्हटलं, “हीच रहदारी. आणि हेच नियंत्रण. तू गल्ल्यावर बसू नकोस. तू पार्किंग सांभाळ.”

तुम्ही हसताय. तेव्हा कोणी हसलं नाही. मी गंभीर, ती गंभीर, मागे थांबलेली दोन गिऱ्हाइकंही गंभीर. त्यातला एक तर म्हणाला, आमच्या भाच्यालाही सांगायला हवं.

आठवड्याने सायली मामांच्या हॉटेलवर रुजू झाली. दिनामामा मोठा हौशी माणूस. भाची पुढे विमानं हाकणार म्हटल्यावर त्यांनी तिला चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि शिट्टी आणून दिली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, खालून मागच्या रांगा दिसत नाहीत. मामांनी पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर लोखंडी शिडी लावली, वर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि उन्हासाठी मोठी छत्री बांधली. मला फोन आला, काका, टॉवर तयार आहे, उद्घाटनाला तुम्हीच या. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नारळ मी फोडला. एवढंच नाही, अनुभवाच्या दाखल्याचा नमुनाही मीच टाइप करून नेला होता. ‘दाखला देण्यात येतो की, कुमारी सायली रहाटे या आमच्याकडे रहदारी नियंत्रक या पदावर’, खाली मामांची सही, हॉटेलचा शिक्का. दर तीन महिन्यांनी एक, असे बारा दाखले जमले की झाली तीन वर्षं. हा हिशेबही माझाच.

मेच्या शेवटी तिच्या आईचा फोन आला. बाई हळू आवाजात बोलत होत्या. म्हणाल्या, सायली तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेत नाही म्हणते, कॉलेज सोडायला तुम्ही सांगितलंत असं म्हणते. मी त्यांना संयुक्त राज्यांपासून सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “आम्हाला यातलं काही कळत नाही हो. तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार.”

फोन ठेवला आणि मला फार बरं वाटलं. हे वाक्य पुढे किती दिवस मला झोपू देणार नव्हतं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

जूनचा पहिला आठवडा. दुपारी दोनच्या सुमारास नाटे बंदराहून एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आले, सोबत त्यांची मुलगी. मासेमारी बंद झालेली, होडी वर ओढलेली, त्यामुळे या दिवसांत दर्यावरची माणसं कागदपत्रांच्या कामांना निघतात. यांना होडीच्या परवान्याचा फॉर्म भरायचा होता. ओटीपी मुलीच्या मोबाइलवर येणार म्हणून ती सोबत आलेली. तिशी ओलांडलेली, साधा पंजाबी ड्रेस, बोलणं बेताचं. नाव शुभांगी.

आम्ही फॉर्म भरला, बटण दाबलं आणि सर्व्हर बसला. ओटीपी येईना. बसून काय करायचं? मी विचारलं, ताई कुठे असता? ती म्हणाली, मुंबईला, विमानतळावर कामाला आहे.

विमानतळ म्हटल्यावर मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं, तर काउंटरमागे उभी राहून बॅगांना चिठ्ठ्या लावणारी मुलगी. म्हटलं, हिचंही भलं करून टाकू. मी तिला विचारलं, काउंटरवर किती वर्षं उभ्या राहणार? त्यापेक्षा वरच्या टॉवरमध्ये का जात नाही? तिने विचारलं, “तिथे कसं जातात?” अगदी मनापासून विचारलं हो, चेहऱ्यावर काही नाही. मग मी सुटलोच. विमानांशी कसं बोलतात, आवाज कसा ठाम हवा, दोन विमानं समोरासमोर आली की एकाला कसं वळवतात. हे सगळं मला सायलीने सांगितलेलं, पण मी असं सांगितलं की जणू आयुष्य टॉवरमध्येच गेलं. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. रडार म्हणजे काय हो काका? मी सांगितलं. एकाच वेळी दोन वैमानिक बोलले तर? मी म्हटलं, मोठा असेल त्याचं आधी ऐकायचं.

तांडेल खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकला आलाय, मी पाणी पुढे केलं.

मग मी खास गोष्ट सांगितली. म्हटलं, ताई, आणि याला डिग्री लागत नाही. ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही. इथे तिचा चेहरा पहिल्यांदा बदलला. ती म्हणाली, हे कुठे लिहिलंय? मी पान उघडून दाखवलं. ते मी जपूनच ठेवलं होतं. ती वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीवर थांबली.

“काका, ही संयुक्त राज्यं कुठली?”

“आपलीच. म्हणजे भारत.”

तिने माझ्या हातातला माउस घेतला, वर कुठेतरी टिचकी मारली आणि सगळं पान इंग्रजीत झालं. संयुक्त राज्यं होती तिथे आलं ‘युनायटेड स्टेट्स’. मी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तांडेल म्हणाले, “अगो, सांग आता त्यांना. किती वेळ ऐकत बसशील?”

शुभांगी म्हणाली, “काका, मी ते काम नऊ वर्षं करतेय.”

त्या क्षणी सर्व्हर सुरू झाला आणि तिच्या मोबाइलवर ओटीपी आला. तिने सहा आकडे वाचून दाखवले. मी चुकीचे टाकले. तिने पुन्हा वाचले, एकेक आकडा सुटा, सावकाश. मी पुन्हा चुकीचे टाकले. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच टाकले.

लाज तर वाटतच होती, पण कुतूहल माझ्या लाजेपेक्षा मोठं आहे. मी विचारलं, मग आपल्याकडे काय लागतं? तिने सांगितलं. फिजिक्स आणि गणित घेऊन बी.एस्सी., नाहीतर इंजिनिअरिंग. त्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही. वय सत्तावीसच्या आत. मग लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मेडिकल, मग प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणानंतरही जिथे नेमणूक होईल तिथली परीक्षा वेगळी.

मी विचारलं, पण आत गेल्यावर ती डिग्री उपयोगी पडते का? की नुसती दारात दाखवायला?

ती जरा विचारात पडली. म्हणाली, रात्रंदिवस काही कोणी समीकरणं सोडवत नाही. पण हे विमान इतक्या वेगाने येतंय, ते तितक्या वेगाने, वारा अमुक बाजूने आहे, तर दोघं त्या जागी किती मिनिटांनी पोचतील, हे डोक्यात आपोआप व्हावं लागतं. ते गणितानेच अंगात मुरतं. तिलाही कॉलेजात गणित जड गेलं होतं. एक पेपर दोनदा दिला. बाकीचं, म्हणजे शांत राहणं, कान उघडे ठेवणं, आवाज न चढवणं, ते मात्र कुठल्याच डिग्रीत शिकवत नाहीत.

“आणि चूक झाली तर?” मी विचारलं. हे मी कोणासाठी विचारत होतो ते तुम्हाला कळलंच असेल.

“बोलण्यात चूक झाली तर एक शब्द ठरलेला आहे. ‘करेक्शन’. तो म्हणायचा आणि लगेच बरोबर ते सांगायचं. का चुकलं, कसं चुकलं, ते नंतर. वर माणसं वाट बघत असतात.”

मी मान वर केली तर समोर दुकानाची काच. काचेवर मीच चिकटवलेला कागद. देवरूखच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या तारखा. तृतीय वर्ष, शेवटचा दिवस : आज, सायंकाळी पाचपर्यंत.

मी त्या बापलेकींना सगळं सांगितलं. मुलगी, केटी, मामा, टाकी, छत्री, नारळ, दाखले. तांडेलांचे खांदे पुन्हा हलायला लागले, पण शुभांगी हसली नाही. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, आम्ही गाडी घेऊन आलोय, हायवेनेच परत जाऊ. चला, बसा.

सायलीला फोन लावत होतो. ती उचलेना. कामावर असताना मोबाइल खाली ठेवायचा, हा नियम तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

हातखंब्याला पोचलो तेव्हा दुपारच्या बसगाड्यांची वेळ. सुट्ट्या संपवून परत निघालेली माणसं, हॉटेलपुढे हीऽऽ गर्दी. मी गाडीतून उतरून टाकीकडे धावणार, तर शुभांगीने मला हाताने अडवलं. म्हणाली, ती कामात आहे, जरा थांबा. आणि ती स्वतः तिथेच उभी राहून बघायला लागली.

सायली वर छत्रीखाली उभी. हातात मामांनी आणलेला छोटा भोंगा. एक मोठी बस आत शिरली. सायलीने सांगितलं, “लाल बस, तिसरी रांग, भिंतीच्या बाजूला.” चालकाने नुसता हात केला. सायली म्हणाली, “परत सांगा.” चालकाने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, तिसरी रांग, भिंतीच्या बाजूला. मग तिने पुढे सोडलं. मागून एक मोटार घुसत होती, तिला बाहेरच थांबवलं. एक ट्रकवाला ओरडायला लागला, आधी मला काढा म्हणून. सायलीने आवाज चढवला नाही. ‘तुमचा नंबर दुसरा’, एवढंच सांगितलं, आणि दोन मिनिटांत खरंच काढलं.

शुभांगीने मला विचारलं, परत म्हणून दाखवायला तिला कोणी शिकवलं? मी म्हटलं, मी तरी नाही. नंतर सायलीने सांगितलं, चालक नुसते हो हो म्हणायचे आणि भलतीकडे जायचे, म्हणून तिने हा उपाय काढला. शुभांगी म्हणाली, आम्हीही हेच करतो. वैमानिकाने ऐकलेलं परत म्हणायचं, आणि ते बरोबर आहे का हे आम्ही कान देऊन ऐकायचं.

गर्दी ओसरली, सायली शिडीवरून खाली आली. मला बघून हसली. दिनामामाही बाहेर आले, चहा सांगितला. आता माझी पाळी. मी सुरुवात केली. म्हटलं, सायली, त्याचं काय झालं, ते कॉम्प्युटरवर भाषांतराची जी सोय असते ना, ती खरं म्हणजे चांगली असते, पण सरकारी शब्द जे असतात...

शुभांगी माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

मी थांबलो. म्हटलं, “करेक्शन. डिग्री लागते. फिजिक्स आणि गणित लागतं. मी वाचलं ते अमेरिकेचं होतं. मी चुकलो. प्रवेशाची मुदत आज पाचला संपते.”

सायली माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ही रडेल, किंवा चार शब्द सुनावेल, आणि तिने सुनावले असते तर मी उभ्याने ऐकले असते. तिने फक्त गळ्यातली शिट्टी काढली आणि मामांच्या हातात दिली. मामा मात्र गडबडले. ते म्हणाले, अहो पण सीझन अजून आठ दिवस आहे, आणि तो दाखला? त्याच्यावर मी आधीच शिक्का मारून ठेवलाय.

सायलीने शुभांगीला एकच प्रश्न विचारला. गणितात केटी असलेली मुलगी तिथे जाऊ शकते का? शुभांगीने सांगितलं, मी गेले.

मग आम्ही हॉटेलच्या टेबलावर बसलो आणि मी मोबाइलवर तिचा प्रवेशाचा फॉर्म उघडला. चार वाजून दहा मिनिटं. हे काम तरी मला येतं, असं मनाशी म्हणत होतो, पण प्रत्येक रकाना दोनदा तपासत होतो. फोटो मागितला. तिच्या मोबाइलमध्ये एकच फोटो बरा निघाला, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला. तोच टाकला. रेंज जात होती, येत होती. दिनामामा शिडीवर चढून टाकीवर गेले, तिथे रेंज चांगली येते म्हणून, आणि त्यांच्या मोबाइलचं इंटरनेट आम्हाला वरून दिलं. साडेचारनंतर केव्हातरी पावती आली. मी ती तीनदा वाचली. दोनदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत.

तिच्या आईला मी तिथूनच फोन केला. म्हटलं, वहिनी, मी चुकीचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात ना.” यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सायलीने केटी सोडवली. एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा सुटली. शुभांगी तिला अधूनमधून फोनवर शिकवत होती, ते मला नंतर कळलं. डिग्री झाली. कंट्रोलरची परीक्षा पहिल्या वेळी थोडक्यात हुकली, दुसऱ्या वेळी निघाली. आवाजाच्या चाचणीत म्हणे तिला कोणी विचारलं, इतक्या ठामपणे बोलायला कुठे शिकलीस? तिने ‘हातखंबा’ असं उत्तर दिलं. त्यांना वाटलं ती एखादी संस्था असेल.

गेल्या महिन्यात प्रशिक्षणाला निघायच्या आधी ती दुकानात आली, पेढे घेऊन. वाकून नमस्कार केला. मला अगदी भरून आलं. म्हटलं, बघा, शेवटी या मुलीच्या नशिबात आपला काही हात होताच. मी पेढा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, “पण काय गो, परीक्षेचा फॉर्म कधी भरलास? दोन वेळा भरला असशील, माझ्याकडे तर आली नाहीस.”

सायली पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

“काका, राग मानू नका. स्टँडच्या पलीकडे एक नवीन दुकान झालंय, तिथून भरला. त्यांना सल्ला देता येत नाही.”